दुपारच्या लोकांचे पाय

सोमवार, ४ तारीख

आजपासून रोजची नोंद ठेवायचं ठरवलं आहे. कारण पुस्तक. पंचवीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत जे कळलं ते माझ्याबरोबरच जाऊ नये असं वाटतं. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "लिहा, निदान तेवढा वेळ बोलणार नाही." माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा फोन, वेळापत्रक आणि मी, अशा तिन्ही गोष्टी ही सांभाळते, त्यामुळे हिचं बोलणं मी मनावर घेत नाही.

पुस्तकाचा गाभा असा: माणसं दोन प्रकारची असतात, सकाळची आणि दुपारची. सकाळी सहा ते दहा येणारे विद्यार्थी गाडी बंद पाडत नाहीत. दुपारी दोन ते पाच येणारे पाडतात. दहा महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली तेव्हापासून मी वहीत दोन रकाने आखले आहेत. गाडी बंद पडली की एक रेघ. सकाळच्या रकान्यात आजवर चार रेघा आहेत, दुपारच्या रकान्यात एकशे बारा. जुनी गाडी कोणाच्याही पायाखाली कधीही बंद पडायची, म्हणून हा फरक इतकी वर्षं झाकला गेला. गाडी निर्दोष आली आणि माणसांतला दोष स्वच्छ दिसायला लागला.

माझं अनुमान असं आहे की दुपारी माणूस जेवलेला असतो. रक्त पोटाकडे धावतं, डाव्या पायाकडे काही उरत नाही. पाय क्लचवरून कधी उचलला हे त्याचं त्यालाच कळत नाही. हे डॉक्टर लोकांनी तपासून बघायला हवं.

सध्याच्या दुपारच्या लोकांमध्ये माझी वहिनी आहे, थोरल्या भावाची बायको. वहिनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकताहेत आणि परीक्षेत दोनदा नापास झाल्या आहेत. दोन्ही वेळा दुपारी, दोन्ही वेळा ऐन चौकात गाडी बंद. तिसरी आणि शेवटची संधी २९ तारखेला आहे, तीही दुपारी दोन वाजता. ती हुकली तर शिकाऊ परवान्यापासून सगळं नव्याने, म्हणजे आणखी पाच-सहा महिने. घरचं माणूस म्हणून मला काळजी वाटते. आणि स्कूलच्या नावाचाही प्रश्न आहे.

मंगळवार, ५ तारीख

वहिनींचा तास, तीन ते चार. ऊन असं की स्टिअरिंगला हात लागत नव्हता. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता, पण ते रोजचंच. मी सकाळी दिवसापुरतंच भरतो. टाकी गच्च भरून फिरणं म्हणजे उगाच ओझं वाहणं.

गोल चौकाशी आलो आणि गाडीने मान टाकली. मागून हॉर्न सुरू झाले.

"पाय, वहिनी," मी म्हणालो.

"भावजी, पाय हललाच नाही. बघा ना, आहे तिथेच आहे."

"सगळ्यांना असंच वाटतं."

वहिनींनी पुढे वाद घातला नाही. चारी इंडिकेटर लावले, न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. मागचा माणूस काच खाली करून काहीतरी सुनावत होता, तर त्याला हाताने 'थांबा' अशी खूण केली. चेहऱ्यावर घाबरल्याचा लवलेश नाही. बंद पडलेली गाडी सावरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. अर्थात, सराव दांडगा आहे.

आज तीन रेघा. परतताना मी विचारलं, "एवढी घाई कशाला करताय? पुढच्या वर्षी द्या परीक्षा."

"याच महिन्यात हवंय मला लायसन्स."

"पण का?"

"तुमच्या भावाला विचारा," त्या म्हणाल्या.

दादाला काय विचारायचं? दादा चाळीस वर्षं गाडी चालवतोय. बायकांना एकेक खूळ लागतं ते लागतं.

शुक्रवार, ८ तारीख

दाताचे डॉक्टर, दुपारी दोनचे. चढावर दोन रेघा. हे गृहस्थ हाताने अतिशय कुशल आहेत, पायाचं मात्र काही खरं नाही. आज मला म्हणाले, "मास्तर, गाडी आधी दम खाते, मग बंद पडते. हे पायाचं लक्षण वाटत नाही."

मी त्यांना शांतपणे विचारलं, "तुमच्या खुर्चीत बसून मी तुम्हाला सांगतो का, कुठला दात दुखतोय ते?"

"सगळेच सांगतात," ते म्हणाले, "आणि बहुतेक वेळा तोच असतो."

शिकलेल्या माणसांना शिकवणं सर्वांत कठीण, हे एक स्वतंत्र प्रकरण होऊ शकेल.

रविवार, १० तारीख

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा. दादाला बुद्धिबळात हरवलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

दादाकडे सहज गेलो होतो. पूर्वी तो रोज संध्याकाळी पुलापलीकडच्या क्लबात बुद्धिबळ खेळायला जायचा, स्वतः गाडी घेऊन. हल्ली जात नाही. विचारलं तर म्हणतो, "कंटाळा आला रे छोट्या." मी बावन्न वर्षांचा आहे, पण त्याच्यासाठी छोट्याच. मी म्हटलं, मांड डाव. विसाव्या-बाविसाव्या चालीला त्याने घोडा हलवायचा म्हणून चक्क उंट उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं नेऊन ठेवला. मी म्हटलं, दादा, उंट आहे तो. तर हसून म्हणाला, "तुझी परीक्षा बघत होतो." त्यानंतर तो साफ ढेपाळला. माझा खेळ एकदम वर गेलाय असं दिसतं.

निघताना बघितलं तर त्याच्या गाडीच्या डाव्या बाजूला लांब ओरखडा. फाटकाचा खांब. म्हणाला, "खांबच पुढे आलाय." आम्ही दोघंही हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांना विनोद कमी कळतो.

सोमवार, ११ तारीख

आज एक कठीण काम उरकलं. वहिनींना स्पष्ट सांगितलं.

तासाला चार वेळा गाडी बंद पडली. शेवटची तर पुलावर. मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि म्हणालो, "वहिनी, राग मानू नका. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट येतेच असं नाही. मला पोहता येत नाही. त्यात कमीपणा नाही."

त्यांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाल्या, "म्हणजे मला जमणार नाही."

"पाय ऐकत नाही तुमचा, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

"मला नाही जमलं तर घरात दुसरं कोण चालवणार भावजी?"

"दादा आहे की."

त्यांनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, टायरचं दुकान होतं. डोळ्यांत पाणी आलं असावं. मलाही वाईट वाटलं, पण शिक्षकाला कधी कधी वाईट व्हावं लागतं. बायकोला सांगितलं तर तिने नुसतं "शाबास" म्हटलं. कोणत्या अर्थाने, ते विचारायचा धीर झाला नाही.

बुधवार, १३ तारीख

आजचं बायको झोपल्यावर लिहितोय.

काल वहिनी तासाला आल्या नाहीत, म्हणून आज संध्याकाळी समजूत काढायला गेलो. वहिनी आत चहा करत होत्या. दादा खुर्चीत बसला होता, मांडीवर एक फोडलेलं पाकीट. माझी गाडी दादाच्या नावावर आहे, कारण घेताना माझ्या कागदांत काहीतरी खोट निघाली होती. त्यामुळे कंपनीची पत्रं त्याच्याकडे येतात.

"छोट्या, तुझ्या गाडीचं काहीतरी आलंय. वाच जरा. माझा चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे."

चष्मा त्याच्या कपाळावर होता. दादा इतका वेंधळा कधी नव्हता, पण निवृत्तीनंतर माणूस सैल पडतो.

मी पत्र उघडलं. वर ठसठशीत लाल अक्षरांत 'सुरक्षेसंबंधी तातडीची सूचना'. खाली असं: आपल्या गाडीच्या टाकीतील पेट्रोलचा पंप सदोष असण्याची शक्यता आहे. गाडी चालू असताना इंजिन अचानक बंद पडू शकते. उष्ण हवेत आणि टाकीत पेट्रोल कमी असताना ही शक्यता अधिक असते. नवे पंप २५ तारखेपासून मिळतील व विनामूल्य बसवून दिले जातील. तोपर्यंत टाकी किमान अर्धी भरलेली ठेवावी व दुपारच्या उन्हात गाडी वापरणे शक्यतो टाळावे.

दुपारच्या. मी तो शब्द तीनदा वाचला.

"काय म्हणतायत?" दादाने विचारलं. वहिनी कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या.

आणि मी म्हणालो, "काही नाही. जाहिरात आहे. सीटची नवी कव्हरं निघाली आहेत."

पत्र दादाच्या नाकासमोर होतं. लाल अक्षरं बोटाएवढी होती. तरी त्याने मान डोलावली आणि विचारलं, "कुठल्या रंगाची?"

"करडी," मी म्हणालो.

भावाचा आपल्यावर एवढा विश्वास असावा आणि आपण असं वागावं. चहा मी अर्धाच खाली ठेवला. वहिनींनी विचारलं, "साखर कमी झाली का भावजी?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

गुरुवार, १४ तारीख

वही काढून बसलो. दुपारच्या आता एकशे एकवीस रेघा. एकेक रेघ म्हणजे एकेकदा मी कोणाला तरी "पाय" म्हणालो. त्यांपैकी तेहतीस एकट्या वहिनींच्या.

शेवटच्या पानावर 'इतर' असा एक छोटा रकाना सापडला. त्यात तीन रेघा. त्या माझ्या. तीनही वेळा दुपारी चारच्या सुमारास, गाडीत मी एकटा. पुढे कंसात लिहिलं होतं: 'चप्पल सैल.' म्हणजे माझ्याखाली बंद पडली तेव्हा चपलेचा दोष, वहिनींच्या खाली पडली तेव्हा वहिनींचा. हे मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय.

सांगायला हवं. पण काय सांगू? पंचवीस वर्षं नावाजलेला शिक्षक, आणि याला मेलेलं इंजिन आणि सुटलेला क्लच यांतला फरक कळत नाही? कळायला हवा होता. क्लचने बंद पडणारी गाडी धक्का देते, ही देत नव्हती. दाताच्या डॉक्टरला कळलं. मी त्यांना गप्प केलं, कारण माझ्याजवळ रकाने होते.

पंप बदलला की सगळं आपोआप ठीक होईल. मग कोणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. असाही एक विचार येतो. तो चांगला विचार नाही, पण येतो, म्हणून लिहिला. निदान उद्यापासून टाकी भरलेली ठेवीन आणि दुपारचे तास काहीतरी कारण काढून बंद करीन. कारण अजून सुचलेलं नाही.

शुक्रवार, १५ तारीख

कारण शोधावंच लागलं नाही. सकाळी उठलो तर बायकोने सगळं वेळापत्रक बदललेलं. दुपारचे सगळे विद्यार्थी सकाळी साडेपाचपासून कोंबले आहेत. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "ऊन फार झालंय. दुपारी मला गाडी लागते."

"कशाला?"

"बायकांची कामं असतात."

एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. आज म्हटलं, ठीक आहे. नशीब कधी कधी आपली बाजू घेतं.

पेट्रोल भरायला गेलो तर काटा आधीच वर. आता काटाही बिघडला वाटतं.

मंगळवार, १९ तारीख

चार दिवस एकही रेघ नाही. दाताचे डॉक्टर सकाळी सहाला चढावर गाडी अशी काढतात की बघत राहावं. त्यांना म्हटलं, सुधारणा आहे. ते म्हणाले, "सकाळची हवा, नाही का?" आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला उगाचच दात दुखल्यासारखं वाटलं.

वहिनीही सकाळच्या तासाला येतात. बायकोने फोन करून बोलावलं म्हणे. उत्तम चालवतात. खरं तर दहा महिन्यांत इतकं सफाईदार कोणी चालवलेलं नाही. दर वेळी गाडीत बसल्यावर आधी काट्याकडे बघतात आणि मगच पट्टा लावतात. चांगली सवय आहे. कुठून लागली कोण जाणे.

बुधवार, २० तारीख

आज तासानंतर वहिनी गाडीतून उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "भावजी, मी परीक्षेचा अर्ज मागे घेते."

मी म्हटलं, "का? आता तर छान जमतंय."

"सकाळी जमतंय. परीक्षा दुपारी दोनला आहे. दुपारी माझ्या पायाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. रक्त पोटाकडे धावतं." माझंच वाक्य त्यांनी एकही शब्द न बदलता मला दिलं. "तुम्हीच म्हणालात, प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट येत नाही. मी यांना सांगून टाकते, तुम्हीच चालवत राहा."

तोंड उघडलं होतं मी. पत्र दप्तरात, हाताच्या अंतरावर होतं. पण ते मी काढलं नाही. मी म्हणालो, "दोन दिवस थांबा. घाई नको."

"बरं," त्या म्हणाल्या. "परवापर्यंत थांबते."

मी भित्रा माणूस आहे. हे पुस्तकात येणार नाही, पण इथे असू दे.

गुरुवार, २१ तारीख

सांगितलं.

दुपारीच गेलो. दादा झोपला होता. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभ्यानेच म्हणालो, "वहिनी, पाय तुमचा नव्हता. पंप होता. एकदाही पाय नव्हता. हे मला गेल्या बुधवारपासून ठाऊक आहे आणि मी लपवलं."

त्यांनी पत्राकडे बघितलंसुद्धा नाही. शेंगेचं टोक मोडलं, शीर काढली, म्हणाल्या, "करडी कव्हरं कधी बसवताय मग?"

मी खाली बसलो.

"आलं त्याच दिवशी वाचलंय मी ते," वहिनी म्हणाल्या. "यांची सगळी पत्रं मीच वाचते. जाऊबाईंना लगेच फोन केला. तुमच्या टाकीत पेट्रोल कोण भरतंय असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं काटा बिघडलाय."

त्या हसल्या. आणि हसता हसता हातातली शेंग खाली ठेवली, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "तेहतीस वेळा म्हणालात 'पाय'. मीही मोजले होते भावजी. दर वेळी घरी येऊन या स्टुलावर बसायचे आणि त्या पायरीवर डावा पाय दाबून हळूहळू सोडायचे. शंभर-शंभर वेळा. मांडी भरून यायची. वाटायचं, साधा पाय आपल्या ताब्यात नाही, तर बाकीचं काय सांभाळणार आहोत आपण."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटलेली नाही. मी म्हटलं, "पत्र वाचल्यावर मला तोंडावर का नाही विचारलंत?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही शिक्षक, आणि मी आपली दुपारची बाई." मग डोळे पुसून म्हणाल्या, "एकदा नीट सांगा बरं."

"तुमचा पाय उत्तम आहे वहिनी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. त्या सगळ्या मी निवडल्या.

घरी येऊन बायकोला म्हटलं, तुला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "मला तर चप्पलसुद्धा माहीत आहे." वही वाचते ही माझी. बहुधा हेही वाचेल.

सोमवार, २५ तारीख

पंप बदलला. पहिला नंबर आमचा होता. वेळ बायकोने चौदा तारखेलाच घेऊन ठेवली होती. मिस्त्रीने जुना पंप काढून दाखवला. मुठीत मावेल एवढी वस्तू. आत प्लास्टिकचं एक चाक असतं, ते फुगून अडकतं. टाकीत पेट्रोल असलं तर त्यानेच गार राहतं, नसलं तर तापतं.

"यावर दहा महिने शिकवलंत तुम्ही?" मिस्त्रीने विचारलं. "मग तुमची माणसं कुठलीही गाडी चालवतील."

मी हसलो नाही. पण बरं वाटलं.

मंगळवार, २६ तारीख

दुपारच्या सगळ्यांना पत्र दाखवलं आणि माझ्या तोंडाने सांगितलं. जे शिकून गेले त्यांना फोन केले. एकूण एकोणीस माणसं. काही हसले, एक बाई दहा मिनिटं बोलल्या आणि त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. दाताचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुमची उजवीकडची दाढ दुखतेय ना? या एकदा. कुठला दात ते तुम्हीच सांगा, मी ऐकेन."

पुस्तकाची पानं फाडली नाहीत, पण कपाटावर टाकली.

शुक्रवार, २९ तारीख

दुपारी दोन. ऊन कालच्यापेक्षा जास्त. परवाना कचेरीतले साहेब तेच, ज्यांनी वहिनींना दोनदा नापास केलं. गाडीत बसण्याआधी वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्या झाडाखाली पाठ करून उभे राहा. तुम्ही बघायला लागलात की मला 'पाय' ऐकू येतं."

मी पाठ केली. पंचवीस वर्षांत विद्यार्थ्याची परीक्षा न बघण्याची ही पहिलीच वेळ. गाडी गेल्याचा आवाज ऐकला. मग बराच वेळ काहीच नाही. नाही नाही ते मनात आलं. नवा पंपही तसलाच निघाला तर? मी स्टिअरिंग धरलेल्या माणसासारखे दोन्ही हात पुढे करून उभा होतो, हे कचेरीच्या शिपायाने नंतर सांगितलं.

अठरा मिनिटांनी गाडी आली. साहेब उतरले आणि मला म्हणाले, "चौकात पुढचा टेम्पो बंद पडला. बाईंनी चारी इंडिकेटर लावले, मागच्यांना हात करून थांबवलं, आणि टेम्पोवाल्याला खिडकीतून सांगितलं, घाबरू नका, आधी न्यूट्रल करा. एवढ्या शांत डोक्याची बाई मी पाहिली नाही. तुम्ही शिकवलंत?"

मी म्हणालो, "नाही. त्या शिकल्या."

पास.

शनिवार, ३० तारीख

संध्याकाळी वहिनींचा फोन. "यांना क्लबात सोडायचंय, तुम्ही येता का? मागे बसा." दादाच्या गाडीत. मला वाटलं, पहिला दिवस म्हणून आधाराला हवा असेन.

वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी दादा, मागे मी. दिवे लागायची वेळ होती. मोठ्या चौकात थांबलो. दादाने विचारलं, "हिरवा झाला?"

"नाही अजून," वहिनी म्हणाल्या.

"आता?"

"आता झाला."

मला वाटलं दादा थट्टा करतोय. सिग्नल समोरच होता, चांगला ताटाएवढा. पुढच्या चौकात तेच. "हिरवा झाला?" तेव्हा मी आरशात वहिनींचे डोळे बघितले. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

दादा मागे न वळता म्हणाला, "आठ महिने झाले छोट्या. मधलं दिसतच नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले गाडी सोडा. म्हटलं, हिचं लायसन्स होईपर्यंत चालवू. पुढची गाडी हलली की मी हलायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला मी शिकवली गाडी. तुला काय सांगायचं? हिलाही शपथ घातली होती."

मला त्याचा भयंकर राग आला. रस्त्यात पोरंबाळं असतात, म्हातारी माणसं असतात. मग मोजायला लागलो. वहिनी पहिल्यांदा नापास झाल्या त्याला साडेचार महिने झाले. तेव्हा पंप धड असता, किंवा मी माझे रकाने सोडून गाडी एकदा मिस्त्रीला दाखवली असती, तर दादा साडेचार महिन्यांपूर्वीच या बाजूच्या सीटवर येऊन बसला असता. तो फाटकाचा खांब खांबच होता, माणूस नव्हता, यात माझी काही कर्तबगारी नाही. राग तिथेच विरला.

क्लबाच्या दाराशी वहिनींनी गाडी एका दमात मागे घेऊन लावली. उतरून पलीकडे गेल्या आणि कोपर पुढे केलं. दादाने ते धरलं.

"पायरी?"

"एकच. उंच आहे."

त्याला आत सोडून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "पुढे या भावजी." मी पुढे जाऊन बसलो. पट्टा लावला. पूल ओलांडेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

"बोला ना काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं गाडी बंद पडली."

"वहिनी, मला माफ करा."

त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मागची बस जाऊ दिली. "वळून होऊ द्या, मग बोलू."

वळून झालं. त्या विषयावर त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. माझ्या दाराशी गाडी थांबवली तेव्हा मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे दादाला परत कधी न्यायचंय? सोमवारी दुपारी तीनची वेळ आहे, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मी येतो.

"तुम्ही नका येऊ भावजी," वहिनी म्हणाल्या. "मी नेते."